एफएक्स3 ला बाहेरचा रेकॉर्डर जोडताना ग्रे कार्डवर विसंबू नका

बाहेरचा रेकॉर्डर लावला की चित्र आपोआप सुधारतं, असं सर्रास सांगितलं जातं. सोनी एफएक्स3 च्या बाबतीत हे खरं नाही. हा कॅमेरा स्वतःच्या कार्डावर 10 बिट 4:2:2 (8 बिट 4:2:0 पेक्षा रंगाचे बारकावे जास्त ठेवणारं) रेकॉर्डिंग करतो आणि 25 फ्रेम्सवर 4के ऑल-इंट्रा (प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवणारी) फाइल 250 एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला 250 मेगाबिटची असते. 2012 च्या कॅनन सी100 ची गोष्ट वेगळी होती. तो आत 8 बिट 4:2:0 आणि फक्त 24 एमबीपीएस लिहायचा, एचडीएमआयमधून मात्र 4:2:2 सिग्नल बाहेर काढायचा. तिथे रेकॉर्डरने चित्राला खरोखर जीव यायचा. लोक अजून त्या काळातला सल्ला देत बसले आहेत.

मग आज रेकॉर्डर कशासाठी लावायचा? माझी कारणं तीन. पाच इंची मोठा स्क्रीन मिळतो, एडिटरला थेट प्रोरेस (एडिटिंगला सोपा जाणारा अॅपलचा फाइल प्रकार) देता येतं आणि एकाच वेळी दोन ठिकाणी रेकॉर्डिंग होतं. चौथं कारण रॉ, म्हणजे सेन्सरचा जवळपास कच्चा सिग्नल. एफएक्स3 एचडीएमआयमधून 16 बिट रॉ सिग्नल देतो आणि अटोमॉस निन्जा व्ही हा रेकॉर्डर त्याचं प्रोरेस रॉ करतो. पण रॉ चालू करण्याआधी एडिटरला फोन करा. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग-ग्रेडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कित्येक वर्षं प्रोरेस रॉ उघडतच नव्हतं आणि अजूनही अनेक जण जुन्या आवृत्तीवर काम करतात. खाली जे सांगतोय ते रॉ नसलेल्या, एस-लॉग3 (नंतर रंग बसवण्यासाठी मुद्दाम फिकट ठेवलेलं सोनीचं चित्र) मधल्या साध्या प्रोरेस रेकॉर्डिंगबद्दल आहे.

जोडणी

एफएक्स3 आणि निन्जा व्ही दोन्हीकडे पूर्ण आकाराचं एचडीएमआय आहे, ही मोठी सोय. केबल आखूड घ्या, फूटभर पुरे. एचडीएमआयला कुलूप नसतं, हात लागला की ती सैल होते, म्हणून केजवर (कॅमेऱ्याभोवतीच्या धातूच्या चौकटीवर) केबल क्लॅम्प लावल्याशिवाय मी कॅमेरा उचलत नाही. एसएसडी कॉम्प्युटरवर नाही, रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट करा.

कॅमेऱ्याच्या मेनूत एचडीएमआय इन्फो डिस्प्ले बंद करा, नाहीतर आयएसओचे आकडे आणि फोकसची चौकट चित्रासकट रेकॉर्ड होतील. रिझोल्यूशन 2160पी. टाइमकोड आउटपुट चालू आणि त्याच्या खालचं रेक कंट्रोलही चालू, म्हणजे कॅमेऱ्याचं बटण दाबलं की रेकॉर्डरही सुरू होतो. आतलं कार्ड रेकॉर्डिंग कधीही बंद करू नका. केबल निसटली तर तेच तुम्हाला वाचवतं.

आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणून 25 फ्रेम्स आणि 1/50 शटर. रेकॉर्डरच्या कोपऱ्यात 2160पी25 दिसलं पाहिजे. जुना कॅमेरा वापरत असाल तर तो 25पी हे 50आय च्या वेष्टनात, म्हणजे प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्यांत तोडून, पाठवत असण्याची शक्यता आहे. तेव्हा रेकॉर्डरच्या इनपुटमध्ये ते अर्धे पुन्हा जोडणारा पीएसएफचा पर्याय निवडा.

प्रोरेस 422 एचक्यू 4के 25पी ला तासाला साधारण 332 जीबी लागतात, साध्या 422 ला 221. म्हणजे 1 टीबीवर एचक्यू तीन तास. मुलाखतीसाठी मी साधं 422 वापरतो, आजवर एकाही कामात त्याने अडलं नाही.

ज्याने मला दोन रात्री जागवलं

आता मुख्य मुद्दा. एका लोककलावंत बाईंची मुलाखत आम्ही दोन एफएक्स3 वर केली. समोरच्या कॅमेऱ्याला रेकॉर्डर होता, बाजूचा कार्डावर चालला होता. दोन्हींवर एस-लॉग3, दोन्हींचा आयएसओ 800, दोन्हींसमोर तेच ग्रे कार्ड (एक्स्पोजर मोजायचा 18 टक्के करडा पुठ्ठा). वेव्हफॉर्मवर (उजेडाची पातळी दाखवणाऱ्या आलेखावर) दोन्हीकडे करडा रंग 41 टक्क्यांच्या आसपास. मी निश्चिंत होतो.

एडिटला बसलो तेव्हा चेहरा जुळत होता. गालाचा रंग, हिरवा चुडा, सगळं जवळपास सारखं. पण केस? बाजूच्या कॅमेऱ्यात अंबाड्याची एकेक बट वेगळी दिसत होती, समोरच्यात डांबराचा गोळा. काळ्या नऊवारीच्या निऱ्या एका शॉटमध्ये मोजता येत होत्या, दुसऱ्यात सपाट काळा पट्टा. मी आधी लेन्सला दोष दिला, मग लाइटला. दोन रात्री शॉट-शॉट करून सावल्या वर ओढत बसलो. सावल्या उजळल्या की चेहरा धुरकट व्हायचा, चेहरा सावरला की केस पुन्हा बुडायचे.

दोष लेव्हल्सचा होता. 10 बिट सिग्नलमध्ये 0 ते 1023 आकडे असतात. व्हिडिओ रेंज म्हणजे 64 हा काळा आणि 940 हा पांढरा असं धरायचं, फुल रेंज म्हणजे सगळीच पट्टी वापरायची. एस-लॉग3 मध्ये निव्वळ काळं 95 वर असतं, 18 टक्के करडा 420 वर आणि 90 टक्के पांढरा 598 वर. हे आकडे सोनीने ठरवलेले आहेत आणि रिझॉल्व्हमधलं एस-लॉग3 चं गणित ते असेच मिळतील असं धरून चालतं. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या फाइलवर रेंजची खूण असते. रेकॉर्डरच्या प्रोरेस फाइलला मात्र रिझॉल्व्ह आपण होऊन व्हिडिओ रेंज समजतं आणि चित्र ताणतं. 95 चं 36 होतं, 598 चं 624. सावल्या बुडतात, उजेड वर चढतो.

आणि करडा? 420 चं 416 होतं. चार आकड्यांचा फरक डोळ्याला दिसत नाही, वेव्हफॉर्मवर तर नाहीच. व्हिडिओ आणि फुल या दोन पट्ट्यांत सगळ्यात कमी सरकतात ते मधले आकडे आणि ग्रे कार्ड नेमकं तिथेच बसतं. म्हणून ‘ग्रे कार्ड जुळलं की दोन्ही कॅमेरे जुळले’ हा सल्ला मला आता ऐकवत नाही. एक्स्पोजरसाठी ग्रे कार्ड उत्तम आहे. लेव्हल्सची चूक पकडायला ते निरुपयोगी आहे.

पकडते ती लेन्सची कॅप. दिवसाच्या सुरुवातीला कॅप लावून पाच सेकंद रेकॉर्ड करा, दोन्हीकडे, म्हणजे आतल्या कार्डावर आणि रेकॉर्डरवर. मग त्या दोन क्लिप रिझॉल्व्हमध्ये आणा. कलर मॅनेजमेंट बंद, लट (तयार रंग चढवणारी फाइल) नाही, नोड (रंगदुरुस्तीची पायरी) नाही. वेव्हफॉर्मची पट्टी 10 बिट ठेवा. नॉइजमुळे रेघ जरा जाड दिसेल, तिचा मध्य बघा.

रेघ 95 वर असेल तर सगळं ठीक. 36 च्या आसपास असेल तर क्लिपवर उजवं क्लिक करून क्लिप अॅट्रिब्यूट्समध्ये डेटा लेव्हल्स ऑटोवरून फुलवर न्या, रेघ 95 वर येईल. 145 च्या जवळ असेल तर उलटं झालंय, वाटेत कुठेतरी सिग्नल आक्रसून व्हिडिओ रेंजमध्ये बसवला गेलाय. तेव्हा डेटा लेव्हल्स व्हिडिओवर न्या, तरीही 95 मिळेल. मग त्या रेकॉर्डरच्या बाकीच्या सगळ्या क्लिप एकदम निवडून हेच सेटिंग द्या. माझ्या मुलाखतीला हे करायला अर्धा मिनिट लागला. दोन रात्रींनी जे जमलं नव्हतं ते झालं, अंबाड्याची बट न बट दिसू लागली.

यात तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. सेटवरच्या रेकॉर्डरचा वेव्हफॉर्म या बाबतीत पुरावा मानू नका, कारण तो कोणती रेंज धरून आकडे दाखवतोय यातच घोळ असू शकतो. फाइल एडिटमध्ये काय सांगते तेच खरं. दुसरं, ही दुरुस्ती ग्रेडिंगच्या आधी आणि प्रॉक्सी (एडिटसाठीच्या हलक्या प्रती) बनवण्याच्या आधी करा. चुकीच्या रेंजने प्रॉक्सी निघाल्या की एडिटर, दिग्दर्शक आणि निर्माता सगळे महिनाभर त्याच बुडालेल्या सावल्या बघत राहतात आणि मग खरं चित्र त्यांना फिकट वाटू लागतं. तिसरं, कॅमेरा किंवा रेकॉर्डरचं फर्मवेअर बदललं, भाड्याने दुसरा रेकॉर्डर आणला, की कॅपची चाचणी पुन्हा. ‘मागच्या वेळी बरोबर होतं’ यावर विसंबायचं नाही.

एसडीआय असेल तर

एफएक्स6 सारख्या कॅमेऱ्याला एसडीआय, म्हणजे एचडीएमआयसारखीच पण व्यावसायिक व्हिडिओ जोडणी असते. त्याची बीएनसी केबल फिरवून घट्ट बसते, लांब नेता येते आणि मलाही तीच आवडते. पण इथे क्रम चुकला तर पैशांचं नुकसान आहे. कॅमेरा आणि रेकॉर्डर एकाच बॅटरीवर असतील, म्हणजे डी-टॅपवरून (बॅटरीवरच्या पॉवरच्या सॉकेटवरून) रेकॉर्डरला पॉवर दिली असेल, तर आधी पॉवरची केबल पूर्ण बसवा आणि एसडीआय सगळ्यात शेवटी. काढताना आधी एसडीआय, मग पॉवर. पॉवरच्या केबलची निगेटिव्ह बाजू नीट टेकलेली नसेल तर करंट परतीचा रस्ता एसडीआय केबलच्या बाहेरच्या जाळीतून शोधतो आणि आतलं सर्किट जळतं. एका सहकाऱ्याच्या कॅमेऱ्याचं एसडीआय असं गेलेलं मी समोर पाहिलंय. शूट संपल्यावर सगळ्यांना घरी जायची घाई असते, कोणीतरी मदत म्हणून आधी डी-टॅप उपटतो. ते काम मी दुसऱ्या कोणाला करू देत नाही.

शूट चालू असताना

लट फक्त स्क्रीनवर बघण्यासाठी, रेकॉर्डिंगमध्ये नको. प्रत्येक टेकला रेकॉर्डरचा लाल दिवा स्वतःच्या डोळ्यांनी बघा, रेक कंट्रोल चालू असलं तरी. रेकॉर्डरची बॅटरी शेवटपर्यंत ताणू नका, लिहिता लिहिता पॉवर गेली तर तो टेक धोक्यात येतो. एसएसडी काढण्याआधी रेकॉर्डिंग थांबलंय याची खात्री करा.

संध्याकाळी एसएसडी आणि कार्ड दोन्ही दोन-दोन ठिकाणी कॉपी करा. कॅपवाली क्लिप वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून एडिटरला सांगा की रेघ 95 वर आणायची आहे. त्याचा ‘आली’ असा निरोप येईपर्यंत एसएसडी फॉरमॅट करू नका.