पावसाळ्यात उजवीकडे सरकणारे छर्रे

जूनपासून चतुर्थीपर्यंत फोंड्याकडची हवा इतकी दमट असते की कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी धरते. याच काळात 10 मीटर एअर रायफलच्या सरावात माझे छर्रे आडव्या ओळीत, बहुतेक उजवीकडे, पडू लागले. वरखाली मात्र ते फारसे विखुरत नसल्याने नळीवर किंवा छर्ऱ्यांवर संशय घेण्याचे कारण नव्हते. लक्ष्याच्या मधला दहा गुणांचा ठिपका अवघा 0.5 मिलिमीटरचा, मागच्या साइटचे (नेम धरण्याच्या साधनाचे) क्लिक, म्हणजे नेम सूक्ष्म सरकवणारे टप्पे, फिरवून असा दोष झाकता येत नाही.

शरीर सैल सोडल्यावर रायफल आपणहून कुठे रोखली जाते हे तपासायला रायफल खांद्याला लावून, डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकवून डोळे मिटावेत, दोन संथ श्वास सोडावेत आणि डोळे उघडून पुढच्या साइटचे वर्तुळ कुठे विसावले ते पाहावे. माझे उजवीकडे विसावत होते. हाताने रायफल डावीकडे रेटून धरली, तर चाप ओढताना स्नायू सैल पडतात आणि ती पुन्हा उजवीकडे जाते. म्हणून उजवे पाऊल छातीच्या दिशेने किंचित पुढे घेतले (डावखुऱ्यांनी हे उलट समजावे) आणि ती जागा खडूने आखून ठेवली.

तरीही कंबर रोज निराळी वळे, कारण नेमबाजीत अंगाला आधार देणारे कॅनव्हासचे जॅकेट ओल धरून मऊ पडले होते. आता ते सरावानंतर रुंद हँगरवर, उन्हात नव्हे तर पंख्याखाली वाळवतो आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद पेटीत ठेवतो. त्याला कडक करणारे काही फासू नये. स्पर्धेत एका थराची जाडी 2.5 मिलिमीटरपर्यंतच चालते आणि कडकपणाही उपकरणाने मोजतात.