लिंकर स्क्रिप्टला हात लावताय? मग या चुका टाळा

एलडी फाइल, म्हणजेच लिंकर स्क्रिप्ट, हौसेने कोणी उघडत नाही. कोडचा आणि डेटाचा कुठला भाग मेमरीत कुठे बसेल हे ती लिंकरला (कोडचे तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवणाऱ्या टूलला) सांगते. आयडीईने (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरने) प्रोजेक्ट बनवताना टाकलेली असते, आपण तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही, आणि मग एक दिवस बूटलोडर (मुख्य ॲपच्या आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) टाकायचा असतो किंवा रॅम पुरत नसते, म्हणून नेटवरून चार ओळी उचलून चिकटवतो आणि तिथून रडगाणं सुरू होतं. माझंही असंच झालंय, एकदा नाही बऱ्याचदा. खालची उदाहरणं एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलर आणि जीसीसी कंपायलरची आहेत, जास्त करून ब्लू पिल बोर्डवरची, म्हणजे एफ१०३सी८, ६४ केबी फ्लॅश ०८०००००० पासून आणि २० केबी रॅम २००००००० पासून. पत्ते सगळे हेक्समधले.

एक गोष्ट आधीच डोक्यात बसवून घ्या, लिंकर फक्त पत्ते वाटतो, सामान हलवत नाही. सामान हलवायचं काम स्टार्टअप फाइलचं, म्हणजे मेनच्या आधी चालणाऱ्या कोडचं. निम्म्या चुका या दोघांचं आपसात जमलेलं नसतं म्हणून होतात.

डॉट डेटाला "एटी" न लावणं

इंट स्पीड = ४० असा ग्लोबल लिहिला की तो राहणार रॅममध्ये, पण लाइट गेल्यावर रॅम पुसली जाणार, मग ते ४० कुठून येणार? फ्लॅशमधून. म्हणून डॉट डेटाला, म्हणजे सुरुवातीची व्हॅल्यू दिलेल्या ग्लोबल्सच्या सेक्शनला, दोन पत्ते लागतात, राहायचा पत्ता रॅमचा आणि साठवणीचा पत्ता फ्लॅशचा. स्क्रिप्टमध्ये ते "> रॅम एटी> फ्लॅश" असं लिहितात. यातला मागचा तुकडा मी एकदा खाल्ला आणि ऑब्जकॉपी टूलने जी बिन फाइल (चिपमध्ये भरायची कच्ची फाइल) काढली ती ३८४ एमबीची! ६४ केबीच्या चिपसाठी. कारण सरळ आहे, बिन फाइल ०८०००००० पासून सुरू झाली आणि डेटा ठेवायला २००००००० पर्यंत गेली, मधलं सगळं शून्यांनी भरलं.

बिन काढली तर निदान लगेच कळतं. खरा घोळ डीबगरने थेट एल्फ (लिंकरने बनवलेली, पत्त्यांसकटची फाइल) लोड करणाऱ्यांचा होतो, कारण जीडीबी डीबगर त्या व्हॅल्यू सरळ रॅममध्येच नेऊन टाकतो, रिसेट मारला तरी रॅममधलं तसंच राहतं, म्हणजे टेबलावर सगळं झकास. यूएसबी काढून परत लावली की स्पीडमध्ये कचरा. "डीबगरवर चालतं पण पॉवर सायकलनंतर चालत नाही" असं कोणी म्हणालं की मी पहिलं हेच विचारतो. चेक करायचं असेल तर ऑब्जडंप टूलला एच ऑप्शन द्या, डॉट डेटाच्या ओळीत व्हीएमए (राहायचा पत्ता) २० ने सुरू व्हायला पाहिजे आणि एलएमए (साठवणीचा पत्ता) ०८ ने. दोन्ही सारखे दिसले तर चोर सापडला.

व्हेक्टर टेबलला "कीप" नाही

साइज कमी करायला सगळेच जीसी-सेक्शन्स (न वापरलेला कोड लिंकरने गाळायचा ऑप्शन) ऑन करतात. आता व्हेक्टर टेबलला (सुरुवातीचा स्टॅक आणि रिसेट, इंटरप्टच्या हँडलरचे पत्ते असलेल्या यादीला) कोडमधून कोणीच बोलवत नाही, ते हार्डवेअर वाचतं, म्हणून लिंकरला वाटतं हे रिकामटेकडं आहे, टाका काढून. कीप लावलं तरच तो हात लावत नाही. बिल्ड क्लीन, एक वॉर्निंग नाही, आणि बोर्ड मेलेला. बिन फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडा, ब्लू पिलवर स्टॅक रॅमच्या टोकाला असेल तर पहिले चार बाइट ०० ५० ०० २० असे दिसले पाहिजेत (उलटे वाचा, २०००५०००, म्हणजे २० केबी जिथे संपते ते). पुढचे चार रिसेट हँडलरचा पत्ता, तो नेहमी विषम असतो कारण शेवटचा बिट थंब मोडसाठी १ ठेवतात. सी प्लस प्लसवाल्यांनी इनिट-अरेलाही (कन्स्ट्रक्टरच्या यादीलाही) कीप लावा, नाहीतर ग्लोबल ऑब्जेक्टचे कन्स्ट्रक्टर चालणारच नाहीत.

बूटलोडर टाकला, ओरिजिन बदललं, आणि झालं असं समजलं

ॲप ०८००४००० ला हलवायचं म्हणून ओरिजिन (एलडी फाइलमधला फ्लॅशचा सुरुवातीचा पत्ता) बदललं, पण लेंग्थ ६४के तशीच ठेवली, म्हणजे लिंकरच्या हिशोबाने फ्लॅश आता ८० केबीची झाली. १६ केबी बूटलोडरला दिले तर इथून तेवढे वजा करा ना राव.

ते केलं तरी व्हीटॉर रजिस्टर राहतं, व्हेक्टर टेबल कुठे आहे हे प्रोसेसरला सांगणारं. बूटलोडरने ॲपमध्ये जंप मारली, मेन चालू झालं, एलईडी एकदा लागला आणि हॅल डिलेवर (एसटीच्या लायब्ररीतल्या थांबायच्या फंक्शनवर) सगळं गोठलं. कारण सिस्टिकचा (वेळ मोजणाऱ्या टायमरचा) इंटरप्ट अजून बूटलोडरच्याच टेबलमधून जातोय, त्यातला हँडलर बूटलोडरच्या हिशोबाने रॅममधला भलताच काउंटर वाढवतोय, आणि ॲप आपलं बसलंय आपला काउंटर वाढायची वाट बघत. यात अजून एक चावट प्रकार म्हणजे बूटलोडरने जंपच्या आधी व्हीटॉर बरोबर सेट केलेलं असतं, पण ॲपमधलं जुन्या पद्धतीचं सिस्टिमइनिट फंक्शन ते परत ०८०००००० करून टाकतं. तिथे ऑफसेटचा डिफाइन असतो तो बदला. आणि एफ० सिरीज असेल तर कॉर्टेक्स-एम० ला व्हीटॉर नसतंच, तिथे टेबल रॅमच्या सुरुवातीला कॉपी करून सिसकॉन्फिग रजिस्टरमधून मेमरी रीमॅप करावी लागते, आणि तेवढी जागा एलडी फाइलमध्ये राखून ठेवायची, नाहीतर तुमचे व्हेरिएबल तिथेच येऊन बसणार.

सीसीएम रॅम फुकटची आहे असं समजणं

एफ४०७ वर १००००००० पासून ६४ केबी सीसीएम रॅम आहे, थेट प्रोसेसरला जोडलेली. फास्ट आहे, रिकामी आहे, मोठा बफर टाकायचा मोह होतोच. पण तिथे डीएमएचा (प्रोसेसरशिवाय डेटा हलवणाऱ्या हार्डवेअरचा) हात पोचत नाही, बसची वायरिंगच तशी नाही. मी एडीसीचा (व्होल्टेज मोजणाऱ्या भागाचा) बफर तिथे टाकला आणि अर्धा दिवस ॲनालॉग सर्किटवर मल्टीमीटर घेऊन बसलो होतो, कारण रीडिंग हलतच नव्हतं! डीएमएचा ट्रान्सफर एरर फ्लॅग लागलेला होता, पण तो बघतं कोण. काही जण तर पूर्ण स्टॅकच सीसीएममध्ये हलवतात, मग फंक्शनमधला साधा लोकल बफर यूएआर्टच्या डीएमएला दिला तरी तेच.

आणि परत पत्ते आणि सामानाची गोष्ट. क्यूबच्या (एसटीच्या टूलच्या) स्क्रिप्टमध्ये सीसीएमरॅम सेक्शन तयार असतो, एटी> फ्लॅश सुद्धा लावलेलं असतं, पण स्टार्टअप फाइल त्याची कॉपी करत नाही. तिथे इनिशियल व्हॅल्यू दिलेला टेबल टाकला तर आत कचराच असणार. शून्य पण करून मिळत नाही. कॉपीचा लूप तुम्हीच लिहायचा.

आता पटापट तीन-चार. बीएसएसमध्ये (सुरुवातीला शून्य होणाऱ्या ग्लोबल्सच्या सेक्शनमध्ये) "कॉमन" (व्हॅल्यू न दिलेले ग्लोबल जुने कंपायलर ज्यात टाकतात तो गट) लिहायला विसरू नका. जीसीसी १० पासून डिफॉल्ट बदललाय म्हणून नव्या टूलचेनवर चालून जातं, पण जुन्या कंपायलरवर तेच व्हेरिएबल बीएसएसच्या बाहेर पडून शून्य न होता राहू शकतात. लिंकर सिंबल (स्क्रिप्टमध्ये पत्त्याला दिलेलं नाव) सी मध्ये वापरताना त्याची व्हॅल्यू वाचू नका, पत्ता घ्या, समोर अँपरसँड लावून. मिन स्टॅक साइज ४०० हेक्स लिहिलंय म्हणजे स्टॅक १ केबीवर थांबेल असं अजिबात नाही, ती फक्त बिल्डच्या वेळेची मोजणी आहे, चालताना स्टॅक खुशाल खाली येऊन तुमचे ग्लोबल चिरडतो. आणि बिनयूटिल्स (लिंकर ज्यात येतो ते पॅकेज) २.३९ पासून येणारी आरडब्ल्यूएक्सची (एकच मेमरी लिहिण्याजोगी आणि चालवण्याजोगीही असल्याची) वॉर्निंग बघून घाबरू नका, मायक्रोकंट्रोलरवर त्याने काही बिघडत नाही.

सेटिंग्जचं पान लिंकरला न सांगणं

हे मला सगळ्यात महागात पडलं. एफ१०३सी८ वर फ्लॅशचं पान (एका वेळी इरेज होणारा तुकडा) १ केबीचं, आम्ही कॅलिब्रेशन शेवटच्या पानात ठेवायचो, ०८००एफसी०० ला, पत्ता कोडमध्ये डिफाइन करून. एलडी फाइलमध्ये मात्र लेंग्थ ६४केच. दोन वर्षं काही झालं नाही कारण कोड ५० केबीच्या आसपास होता. मग फीचर वाढत गेले, कोड ६३ केबीच्या पुढे सरकला, बिल्ड पास, टेस्टिंग पास, कारण टेस्टिंगला कॅलिब्रेशन सेव्ह करून कोणी बघितलंच नाही. साइटवर माणसाने सेव्ह दाबलं, पान इरेज झालं, आणि त्याच पानात डॉट डेटाच्या इनिशियल व्हॅल्यू होत्या. पुढच्या पॉवर ऑनला युनिट गेलं, एक नाही, त्या दिवशी तिथली सगळी.

उपाय दोन ओळींचा होता. फ्लॅशची लेंग्थ ६३के आणि खाली १के चा वेगळा रिजन, सेटिंग्ज नावाचा, आणि कोडमधला पत्ता डिफाइन न ठेवता तिथल्या सिंबलवरून घेतला. सोबत प्रिंट-मेमरी-युसेज (किती मेमरी वापरली ते दाखवणारा लिंकरचा ऑप्शन) ऑन केलं. तोच कोड परत बिल्ड केला तर लिंकर लगेच ओरडला, रिजन फ्लॅश ओव्हरफ्लोड बाय २१२ बाइट्स.