ह्युमन इंटरफेसच्या लॅबमध्ये रिसर्च करायचाय? नवीन येणाऱ्यांसाठी जरा सविस्तर

एमएस्सी, एमसीए झालेली नाहीतर लास्ट इयरला असलेली बरीच पोरं-पोरी विचारायलेत की ताई तुमच्या लॅबमध्ये नेमकं काय करतात, कोडिंग किती लागतं, व्हीआर (डोळ्याला हेडसेट लावून बघायचं आभासी जग) असतं का, पुढं नोकरी लागते का. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते. माझं गाव गेवराई तालुक्यात, संभाजीनगरला विद्यापीठात पीएचडी करते, आणि आमची लॅब माणूस आणि मशीन यांच्या मधल्या भागावर काम करते, म्हणजे स्क्रीन, बटण, आवाज, हाताचे इशारे, जिथं जिथं माणसाला मशीनला काहीतरी सांगायचंय आणि मशीनला माणसाला काहीतरी दाखवायचंय तिथं सगळीकडं.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते, बाकी नाही वाचलं तरी चालेल. समोरचा माणूस अडकलेला असताना त्याच्या हातातला फोन न घेता, तोंड बंद ठेवून, तो काय करतोय ते बघत बसायचं, हे या कामातलं पहिलं कौशल्य आहे. पायथन येतं काही महिन्यांत, स्टॅटिस्टिक्सही येतं, हे बसणं मात्र सवयीनंच येतं. आपल्याकडची पोरं म्हणतात आमचं इंग्लिश कच्चं, आम्ही लहान कॉलेजची, पुण्या-मुंबईच्या पोरांपुढं आमचं काय. तर मी मनापासून सांगते, ज्याला बांधावर बसून मामाशी तासभर बोलता येतं, ज्याला वेचणीच्या दिवसात कुणाच्या दारात कधी जायचं नाही हे कळतं, त्याच्याकडं या क्षेत्रातलं फार मोठं भांडवल आधीच आहे.

आता थोडा इतिहास, कारण इंटरव्ह्यूला विचारतात. माऊस जगाला पहिल्यांदा ९ डिसेंबर १९६८ ला डग्लस एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोत दाखवला. ह्युमन इंटरफेस टेक्नॉलॉजी लॅबोरेटरी या नावाचीच लॅब १९८९ मध्ये टॉम फर्नेस यांनी सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात सुरू केली, ते आधी अमेरिकन एअरफोर्ससाठी कॉकपिटवर काम करायचे, पायलटसमोर एवढे डायल आणि स्विच असले तर त्याचं लक्ष कुठं राहणार हा तिथला प्रश्न. त्याच लॅबच्या कामातून १९९९ मध्ये हिरोकाझु काटो आणि मार्क बिलिंगहर्स्ट यांचं एआरटूलकिट आलं, काळ्या चौकोनाचा कागद कॅमेऱ्यासमोर धरला की त्यावर थ्रीडी चित्र उभं राहतं ते. पुढं २००२ ला न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातही याच नावाची लॅब निघाली. आमच्याकडं नवीन आलेल्याला अजूनही तो काळ्या चौकोनाचा प्रयोग करायला लावतो, एक प्रिंट आणि साधा वेबकॅम एवढ्यात होतो आणि कागद तिरपा केला की कॅमेऱ्याला कोन कसा कळतो हे हातानंच समजतं. आणि आपल्या मराठीचंच उदाहरण हवं असेल तर आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागातल्या प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या टीमचा स्वरचक्र कीबोर्ड बघा, २०१३ चा, व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती मात्रांचं चक्र उघडतं. बाराखडी ज्या क्रमानं शाळेत डोक्यात बसली तीच मांडणी बोटाखाली दिली, मला हे फार आवडतं.

लॅबमध्ये कोण कोण असतं? गाइड मॅडम, त्यांचे पीएचडीचे स्कॉलर, प्रोजेक्टवर घेतलेले फेलो आणि डिझर्टेशनची पोरं. पण सगळे कॉम्प्युटरवाले नसतात. आमच्याकडं एक सर इलेक्ट्रॉनिक्सचे आहेत, ते अर्डुइनो (प्रयोगासाठीचा छोटा सर्किट बोर्ड) आणि सेन्सर बघतात, एक जण सायकॉलॉजीतून आलाय, प्रयोगाचं डिझाइन त्याला विचारल्याशिवाय कुणी फिल्डवर जात नाही, आणि एक मराठीत एमए केलेली ताई आहे, तिच्याशिवाय आमचं व्हॉइसचं काम एक पाऊल पुढं सरकत नाही. तर मराठी, सायकॉलॉजी, फाइन आर्टची पोरं हे वाचत असतील तर हे क्षेत्र तुमचंही आहे, कोडिंग येत नाही म्हणून मागं राहू नका.

एक सेशन कसं असतं ते सांगते म्हणजे कळेल. आमचा प्रोटोटाइप, म्हणजे चाचणीपुरता कच्चा नमुना, होता बोलून भरायच्या फॉर्मचा, पिकाचं नाव आणि क्षेत्र सांगायचं. एका मावशीकडं गेलो, नुकतीच कापसाची वेचणी करून आलेल्या. पहिल्या स्क्रीनवर एकच बटण, दाबा आणि बोला. मावशींनी अंगठा लावला, काहीच नाही झालं. परत लावला, नाही. मग त्यांनी जोर देऊन दाबूनच धरला, तर फोनला वाटलं लाँग प्रेस, आणि मधेच कॉपीचा मेनू उघडला. मावशी दचकून हात मागं घेत म्हणल्या, "मोडलं का काय माय?" शेजारी पुतण्या बसलेला, त्यानं लगेच फोनकडं हात केला, त्याला मी हातानंच थांबवलं. आणि मग नुसतं बसून राहिलो. मावशींनी पदराला अंगठा पुसला, फोन मांडीवर ठेवला आणि करंगळीनं बटण दाबलं. चाललं.

आता यातलं टेक्निकल बघा. टचस्क्रीन कपॅसिटिव्ह असते, बोटामुळं विद्युत क्षेत्रात जो फरक पडतो तो ती ओळखते, जोराशी तिचा काही संबंध नाही. कोरडं, घट्टे पडलेलं कातडं असलं की तो फरक कमी पडतो. करंगळीचं कातडं त्यातल्या त्यात मऊ. म्हणजे मावशींनी जे केलं ते एकदम बरोबर होतं, चूक आमच्या स्क्रीनची होती. अँड्रॉइडच्या गाइडलाइनमध्ये बटण कमीत कमी ४८ डीपी (स्क्रीनवरचं मोजायचं एकक) म्हणजे साधारण ९ मिलिमीटर असावं असं सांगितलंय, आमचं त्याहून मोठंच होतं, पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाचा १९५४ चा नियमही आम्ही पाळला होता की टार्गेट मोठं आणि जवळ असेल तर हात लवकर पोचतो. हात पोचलाच होता हो. त्यानंतर आम्ही त्या स्क्रीनवरचा लाँग प्रेस काढून टाकला, दाबून धरलं तरी रेकॉर्डिंगच चालू होईल असं केलं आणि बटणाला कंप दिला म्हणजे लागलं की नाही ते अंगठ्यालाच कळेल. पुतण्याला फोन घेऊ दिला असता तर यातलं काहीच हाती लागलं नसतं, वहीत फक्त "टास्क पूर्ण" एवढंच आलं असतं.

पुढं मावशी बोलल्या, "पऱ्हाटी, अडीच एकर." आमच्या लिस्टमध्ये कापूस होता, पऱ्हाटी नव्हती. फॉर्मला पाहिजे हेक्टर आणि आर, कारण सातबाऱ्यावर तसंच असतं, आणि लोक बोलतात एकर-गुंठ्यात. अडीच एकर म्हणजे साधारण १ हेक्टर १ आर, हा हिशोब मावशींनी का करायचा, मशीननं करावा. सव्वा, दीड, पावणेतीन हे मशीनला शिकवणं हे आमच्या एका डिझर्टेशनचं अख्खं काम होतं. आणि "मी पेरायलो", "पाणी द्यायलो" अशी आपली रूपं रेकॉर्डिंगमध्ये आली की सिस्टीम अडखळते, कारण ती जास्त करून पुस्तकी मराठीवर शिकलेली असते. म्हणून रेकॉर्डिंगला जाताना मावशींना शुद्ध बोला असं चुकूनही सांगू नका, जसं बोलतात तसंच पाहिजे.

ट्रान्सक्रिप्शन हे कंटाळवाणं वाटतं पण नवीन माणसाचे पहिले महिने त्यातच जातात आणि जावेत. यात एक खाचखळगा आहे तो लिहूनच ठेवा. पऱ्हाटीमधला ऱ्ह दोन पद्धतीनं टाइप होतो, एक तर युनिकोडमधला नुक्त्याचा ऱ घेऊन, नाहीतर साधा र, हलंत आणि मधे झेडडब्ल्यूजे (झिरो विड्थ जॉइनर) हे न दिसणारं जोडचिन्ह टाकून. स्क्रीनवर दोन्ही डिट्टो सारखे दिसतात, कॉम्प्युटरला मात्र ते दोन वेगळे शब्द. दोघांनी दोन कीबोर्डवर टाइप केलं की एकच शब्द दोनदा मोजला जातो आणि वर्ड एरर रेट, म्हणजे मशीननं किती शब्द चुकीचे ऐकले त्याचं प्रमाण, विनाकारण वाढतो. त्यामुळे आधी सगळा टेक्स्ट एका रूपात आणायची स्क्रिप्ट चालवायची, मगच मोजायचं.

आता लोकांना विचारण्याबद्दल. आपल्याकडं दारात आलेल्या पोरीला कुणी तुझं ॲप वाईट आहे असं तोंडावर म्हणत नाही, चहा पाजतात आणि लई चांगलंय म्हणतात. हे फक्त आपलं निरीक्षण नाही. बंगळूरला झालेल्या आणि २०१२ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात दोन अगदी सारख्या गोष्टी लोकांपुढं ठेवल्या, त्यातली विचारणाऱ्याची म्हणून जी वाटली ती निवडायची शक्यता साधारण २.५ पट निघाली, आणि विचारणारा परदेशी आणि सोबत दुभाषा असला की ५ पट. म्हणून मी कधीच हे आम्ही बनवलंय असं म्हणत नाही. आवडलं का असंही विचारत नाही, उलट म्हणते, "मावशी, शेजारच्या काकूंना हे कसं करायचं ते समजावून सांगा बरं," आणि मग त्या कुठं थांबतात, कोणतं पाऊल गाळतात तेवढं लिहून घेते.

एसयूएस (सिस्टीम युझेबिलिटी स्केल) नावाची, वापरायला किती सोपं ते मोजणारी १० वाक्यांची प्रश्नावली तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी देईल, जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये केलेली. प्रत्येक वाक्याला १ ते ५ मध्ये उत्तर द्यायचं, विषम नंबरची वाक्यं चांगली, सम नंबरची वाईट. विषमच्या उत्तरातून १ वजा करायचा, समचं उत्तर ५ मधून वजा करायचं, सगळी बेरीज गुणिले २.५, म्हणजे ० ते १०० मध्ये स्कोअर येतो. तो टक्का नाही, ६८ च्या आसपास सरासरी धरतात. गावात ही वाक्यं वाचून दाखवली की उलट्या वाक्यांनाही "हो हो बरोबर" येतं, म्हणून आम्ही पाच वाट्या मांडतो आणि प्रत्येक वाक्याला एक शेंगदाणा कुठल्या तरी वाटीत टाकायला सांगतो, हाताला विचार करायला वेळ मिळतो आणि उत्तरं जरा खरी येतात. बाकी दोन डिझाइनची तुलना करताना अर्ध्यांना आधी अ आणि अर्ध्यांना आधी ब द्यायचं, नाहीतर दुसरं नेहमीच सोपं वाटणार, कारण तोपर्यंत हात बसलेला असतो.

संमतीपत्र हा विषय मी हलक्यात घेऊ देत नाही. कागदावर सही म्हणलं की लोकांना वाटतं कर्ज आहे नाहीतर योजना आहे. पूर्ण वाचून दाखवा, आपल्या बोलीत, यातून पैसे मिळणार नाहीत, नाव कुठं येणार नाही, मधेच उठून गेलात तरी चालेल, हे तीनदा सांगायला लागलं तरी सांगा. आधार कार्ड मागू नका, त्याची गरज नसते. एथिक्स कमिटीची परवानगी फिल्डच्या आधी, नंतर नाही. कधी कधी मशीनच्या जागी आतल्या खोलीत बसून माणूसच उत्तरं टाइप करतो, याला विझार्ड ऑफ ऑझ पद्धत म्हणतात, तेव्हा सेशन संपल्यावर त्या माणसाला खरं काय होतं ते सांगायचंच. त्याचा विश्वास आपल्या पेपरपेक्षा मोठा आहे.

फिल्डचं थोडं पटकन: उन्हात स्क्रीन दिसत नाही तर सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी जा, पेरणीच्या जून-जुलैमध्ये आणि आठवडी बाजाराच्या दिवशी जाऊ नका, लाईटचा भरोसा नसतो तर पॉवर बँक दोन, रेकॉर्डर दोन, आणि आवाजाचं रेकॉर्डिंग पंख्याखाली करू नका. बायकांच्या सेशनला लॅबमधली मुलगी पाहिजे, सासरे-दीर समोर बसलेले असले की बोलणंच बदलतं.

ॲडमिशन आणि पैसे. पीएचडीला विद्यापीठाची पेट म्हणजे प्रवेश परीक्षा असते, आणि २०२४ पासून नेटचे मार्कही प्रवेशाला धरता येतात. नेटमधून मिळणारी जेआरएफ फेलोशिप निघाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढं एसआरएफला ४२,०००, शिवाय एचआरए. ती नाही निघाली तर बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या फेलोशिपच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. पैसे वेळेवर येतीलच असं धरून रूम घेऊ नका, काही महिन्यांचं एकदम येतं, घरी हे आधीच नीट समजावून ठेवा, विशेष करून जिथं घर शेतीवर चालतं तिथं. २०२२ च्या यूजीसी नियमांनुसार पीएचडीला कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षं. पैसे घेऊन आठवड्यात पेपर छापून देणाऱ्यांपासून लांब राहा, गाइडला विचारल्याशिवाय कुठंच पाठवू नका.

गाइडला पहिला ईमेल कसा लिहायचा हेही लई जण विचारतात. मोठा बायोडाटा नको. तुमच्या गावातलं एक मशीन निवडा, रेशन दुकानातलं अंगठ्याचं, एटीएम, बँकेतलं पासबुक प्रिंट करायचं, काहीही, तिथं एक संध्याकाळ उभं राहा आणि एका माणसानं पहिल्यापासून शेवटपर्यंत काय केलं, हात कुठं गेला, कुठं थांबला, कुणाला विचारलं, हे एका पानावर मराठीत लिहा. तुमचं मत त्यात नको. ते पान ईमेलला जोडा, आणि विषयाच्या ओळीत तुमचं नाव, डिग्री आणि कोणत्या वर्षाच्या पेटला बसणार ते टाका, कारण गाइडकडं जागा किती शिल्लक आहेत ते त्यावरच बघितलं जातं.