शिशाच्या झिलईत अर्सेनिक शोधताना

जुन्या रंगीत भांड्यांच्या आणि फरशांच्या पृथक्करणात उतरणाऱ्यांना एक्सआरएफ (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणं), रामन (लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून संयुगं ओळखणं), एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) ही तंत्रं माहीत असतात. म्हणून ते सोडून माझं जवळजवळ वर्ष जिथे गेलं, तिथूनच सुरुवात करते.

निळ्या नक्षीच्या फरशांचे तुकडे होते. निळा कोबाल्टचा, यात शंका नव्हती. पण कोबाल्ट कुठला? जर्मनीत श्नेबर्गच्या आसपास खाणींतून येणाऱ्या कोबाल्टसोबत निकेल आणि बिस्मथ असतं, आणि साधारण 1520 नंतरच्या युरोपीय निळ्यात अर्सेनिकही सापडतं. त्यामुळे अर्सेनिक मिळालं की काळ आणि व्यापाराची वाट दोन्ही हाती आल्यासारखं वाटतं. हातातल्या एक्सआरएफनं 10.5 केईव्हीला (केईव्ही म्हणजे क्ष-किरणांच्या ऊर्जेचं एकक) उंच शिखर दाखवलं, सॉफ्टवेअरनं त्यावर अर्सेनिकचं नाव टाकलं आणि मी प्रबंधाचं अख्खं प्रकरण लिहून मोकळी झाले.

झिलई शिशाची होती. प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक ऊर्जांचे क्ष-किरण सोडतं; त्यांना रेषा म्हणतात, आणि के, एल, आल्फा, बीटा ही त्या रेषांची नावं. शिशाची एल-आल्फा रेषा 10.55 ला येते आणि अर्सेनिकची के-आल्फा 10.54 ला. आपल्या डिटेक्टरला साधारण 0.15 केईव्हीपेक्षा जवळच्या रेषा सुट्या दिसत नाहीत. मोजणी कितीही वेळ चालवा, शिखर एकच दिसणार. प्रकरण तपासणाऱ्यांनी एकच प्रश्न विचारला, "11.73 ला काय आहे?" मी स्पेक्ट्रम, म्हणजे शिखरांचा आलेख, उघडला. तिथे सपाट रेघ होती.

हे नीट समजून घ्या, कारण इथे घाई केली तर पुढचं सगळं कोसळतं. 11.73 ला अर्सेनिकची के-बीटा यायला हवी, पण ती के-आल्फाच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढीच असते. शिसं भरपूर असेल तर ती बुडून जाते, म्हणून ती न दिसणं हाही पुरावा नव्हे. मग करायचं काय? त्याच तुकड्यावर निळ्या रेघेशेजारी पांढऱ्या जागेवर मोजा. 12.61 ला शिशाची एल-बीटा असते, तिथे अर्सेनिकची लुडबुड नसते. 10.5 च्या शिखराला तिने भागा. पांढऱ्यावर आणि निळ्यावर हे गुणोत्तर तेच आलं, तर तुमच्याकडे अर्सेनिकचा पुरावा नाही. निळ्यावर ते ठळक वाढलं, तर पुढे जा. माझं दोन्हीकडे सारखंच आलं.

तुकडा एसईएममध्ये घातला की प्रश्न सुटेल, असंही मला वाटलं होतं. पण ईडीएसवर, म्हणजे एसईएमला जोडलेल्या क्ष-किरण डिटेक्टरवर, अर्सेनिकची एल-रेषा 1.28 ला येते आणि मॅग्नेशियमची 1.25 ला, शिवाय व्होल्टेज वाढवून के-रेषा उठवली की पुन्हा शिसं समोर उभं. जवळच्या रेषा सुट्या करणारं डब्ल्यूडीएस किंवा लेझरनं उडवलेले कण वस्तुमानानुसार मोजणारं लेझर-आयसीपी-एमएस मिळालं तर वापरा. दुसऱ्यात अर्सेनिक 75 वस्तुमानाला आणि शिसं 204 ते 208 ला, त्यामुळे शिशाशी गोंधळच उरत नाही. लेझरची खूण सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते, पण वस्तू सांभाळणाऱ्यांची लेखी परवानगी आधी घ्या.

खुद्द कोबाल्टही लपतो. त्याची 6.93 ची रेषा लोखंडाच्या 7.06 ला चिकटलेली असते. आणि अर्सेनिक खरोखरच नसलं, तरी खनिज भाजताना ते उडून गेलेलं असू शकतं. म्हणून "अर्सेनिक नाही, म्हणजे कोबाल्ट श्नेबर्गकडचा नाही" असं लिहू नका.

आपोआप टक्केवारी देणारं बटण नवख्यांच्या हातीच देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. पहिले काही महिने शिखरं हातानंच ओळखा. मार्गदर्शक निवडताना शोधनिबंधांची यादी कमी पाहा; तुमच्या शेजारी बसून स्पेक्ट्रम वाचतात का, हे पाहा. माझ्या मार्गदर्शकांनी फक्त निष्कर्ष वाचला होता.

घाबरू मात्र नका. ही चूक पुष्कळांच्या हातून होते आणि सुधारता येते. माझंही सगळं वाया गेलं नाही: निकेलची 7.47 ची रेषा स्वच्छ होती, तिच्या आधारावर प्रकरण पुन्हा उभं राहिलं, दावा लहान झाला एवढंच. तुम्ही मात्र खरी वस्तू हातात घेण्याआधी शिसं असलेली, अर्सेनिक नसलेली प्रमाणित काच मोजा आणि तिचा स्पेक्ट्रम छापून यंत्राशेजारी चिकटवा. त्यातल्या 10.5 च्या शिखराखाली स्वतःच्या हातानं "शिसं" असं लिहा.