प्रवासातून घरची हॅम रेडिओ रिग (ट्रान्सीव्हर) चालवायचीय? निघायच्या आधी मोबाईल डेटावर टेस्ट करा

सगळ्यात आधी हे, कारण मागच्या वेळी माझं हेच राहिलं आणि पूर्ण प्रवासात रिगचा साधा नॉइजसुद्धा ऐकायला मिळाला नाही: टेस्ट मोबाईल डेटावरून करा. घरच्या वायफायवरून नाही. लॅपटॉप घेऊन दुसऱ्या खोलीत बसलात आणि सगळं झकास चाललं तर त्याचा काही उपयोग नाही, तुम्ही अजून त्याच राउटरच्या आत आहात. फोनचं वायफाय बंद, हॉटस्पॉट चालू, लॅपटॉप त्याला जोडायचा आणि मग बघायचं. नुसतं कनेक्ट झालं म्हणून उठू नका, अर्धा तास ऐका, एकदोन क्यूएसओ (दुसऱ्या स्टेशनशी संपर्क) करा.

बहुतेक जण अडकतात ते आयपीवर. राउटरच्या सेटिंगमध्ये वॅन आयपी (राउटरचा इंटरनेटकडच्या बाजूचा पत्ता) बघा, १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एकच पब्लिक आयपी कंपनीने बऱ्याच ग्राहकांत वाटलाय आणि पोर्ट फॉरवर्डिंग (राउटरमधून रिगपर्यंत वाट उघडणं) कितीही नीट केलंत तरी बाहेरून आत येता येणार नाही. १०, १७२.१६ ते १७२.३१ किंवा १९२.१६८ ने सुरू होणारा दिसला तरी तेच, तुमच्या पुढे अजून एक नॅट (अनेकांना एकाच आयपीमागे ठेवणारी व्यवस्था) बसलाय. मग एकतर कंपनीकडून पब्लिक आयपी घ्या, नाहीतर टेलस्केल किंवा झिरोटियर (दोन्ही व्हीपीएनची, म्हणजे इंटरनेटवरून खाजगी नेटवर्क जोडणारी सॉफ्टवेअर) टाका, ते आतून बाहेर कनेक्शन करतात त्यामुळे सीजीनॅटची अडचण येत नाही. आणि हे घरच्या वायफायवर कधीच कळत नाही, म्हणून परत सांगतोय, मोबाईल डेटा.

पब्लिक आयपी असला तरी रिगचे पोर्ट सरळ इंटरनेटवर उघडे टाकू नका. आयकॉमच्या नेटवर्कवाल्या रिग यूडीपी ५०००१, ५०००२, ५०००३ वापरतात, ते फॉरवर्ड केले की चालतं हे खरंय, पण पासवर्ड फुटला तर तुमच्या कॉलसाइनवर (परवान्यातल्या ओळखीवर) दुसराच कोणी ट्रान्समिट करेल. वायरगार्ड (हेही व्हीपीएनच) टाका आणि फक्त त्याचा एक पोर्ट उघडा. अजून एक, घरचं नेटवर्क १९२.१६८.१ वर असेल तर आत्ताच बदला. हॉटेलचं पण तेच निघालं तर लॅपटॉप रिगचा पत्ता हॉटेलच्याच नेटवर्कमध्ये शोधत बसतो, व्हीपीएन जोडलेलं दिसतं आणि रिग मात्र सापडत नाही. १०.७३.४४ असलं काहीतरी आडवंतिडवं ठेवा. बदललंत की परत मोबाईल डेटावर टेस्ट, प्रत्येक बदलानंतर, कंटाळा आला तरी.

आता ट्रान्समिट अडकण्याचं. की (ट्रान्समिटची कळ) दाबलेली असताना लिंक तुटली तर रिग सोडणार कोण? रिगमध्ये टाइम-आउट टायमर (ठराविक वेळेनंतर ट्रान्समिट आपोआप थांबवणारा) असेल तर चालू करा, सगळ्यात कमी वेळावर ठेवा. शिवाय पॉवर सप्लाय तोडायला वेगळा रिमोट स्विच पाहिजेच. तो स्विच त्याच राउटरवर असेल आणि राउटरच हँग झाला तर तो मेलाच, म्हणून मोबाईलच्या सिमवर चालणारा रिले असेल तर उत्तम, नाहीतर निदान राउटरला असा प्लग लावा जो पिंग (नेट चालू आहे का याची तपासणी) बंद पडलं की स्वतःच पॉवर घालवून परत देतो. हे सगळं नुसतं लावून ठेवू नका, मेन स्विच खाली करा, पाच मिनिटं थांबा, वर करा, आणि हात न लावता सगळं परत उठतं का बघा. पीसीला बायोसमध्ये पॉवर आली की चालू व्हायची सेटिंग असते, ती चालू नसली तर लाइट गेली की कारभार संपला. रिग पण रिमोटवरून परत चालू होते का तेही बघा, आयकॉमच्या काही रिगमध्ये रिमोटने बंद करताना पूर्ण बंद की स्टँडबाय असा पर्याय असतो, तिथे स्टँडबाय हवं.

मग फुल पॉवरवर, प्रत्येक बँडवर टेस्ट. दहा वॅटला सगळं चालतं आणि शंभरला आरएफ (रेडिओची ऊर्जा) यूएसबी केबलमध्ये शिरून पोर्टच गायब होतो, तेसुद्धा नेमकं ट्रान्समिटमध्ये असताना. फेराइट (आरएफ अडवणारं कडं) लावा, केबल आखूड करा. शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत) बसून हे दोन मिनिटांचं काम आहे, तिकडून काहीच करता येत नाही.

एफटी८ (संगणकावरून चालणारा डिजिटल मोड) करणार असाल तर सॉफ्टवेअर घरच्या पीसीवरच चालवा आणि फक्त स्क्रीन बघा, म्हणजे नेटच्या उशिराचा फरक पडत नाही. घरच्या पीसीचं घड्याळ मात्र सेकंदाच्या आत बरोबर हवं. सीडब्ल्यूला (मोर्सला) साइडटोन (स्वतःच्या कीइंगचा आवाज) लॅपटॉपवरच तयार होऊ द्या, उशिरा येणारा टोन ऐकत कीइंग जमत नाही. भूस्थिर उपग्रहाचं नेट असेल तर जाऊन-येऊन ६०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, तिथे पाइलअप (एकाच स्टेशनला अनेकांनी एकदम हाक मारणं) विसरा.

विंडोजचे अपडेट निघायच्या आधी उरका आणि मग पॉज करा. विजा होत असतील तर अँटेना लांबून तोडता यायला हवी, नसेल येत तर त्या मोसमात काढूनच जा. घरी एखाद्या माणसाला कुठला प्लग काढायचा ते दाखवून ठेवा, लेबल लावा. परवाना: स्टेशन आहे तिथले नियम लागतातच, तुम्ही दुसऱ्या देशातून चालवणार असाल तर तिथले पण वाचून घ्या.

बॅगेत हेडसेट, नेटवर्क केबल, छोटा ट्रॅव्हल राउटर, सगळे पासवर्ड कागदावर.

पोचल्यावर आधी हॉटेलचं लॉगिन पान उघडून आत जा, मगच व्हीपीएन. वायरगार्ड जोडलं जात नसेल तर तिथे यूडीपी अडवलेलं असू शकतं, टेलस्केल अशा वेळी टीसीपी ४४३ वरून मधल्या सर्व्हरमार्गे जातं, किंवा फोनचा हॉटस्पॉट वापरा, जो तुम्ही घरी टेस्ट केलेला असेल. केलाय ना? मोबाईल डेटावर?