नदीकाठच्या गावाचा पाणी-आराखडा: या चुका टाळा

दूधगंगा, वेदगंगा आणि कृष्णेकाठच्या, कर्नाटकातल्या निपाणी-चिक्कोडी या सीमाभागातल्या गावांना एकच नदी दोन तोंडांनी छळते. पावसाळ्यात कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-येडूर हे कमी उंचीचे बंधारे पाण्याखाली जातात आणि मळ्यातल्या वस्त्यांची बेटं होतात. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर कुणी विसरलेलं नाही. उन्हाळ्यात मात्र याच पात्रात वाळू दिसते. पंचायतीच्या आराखड्यात दोन्ही काळांची सोय हवी, आणि ती गावाला विचारूनच ठरवायला हवी.

ग्रामसभेला माणसं येत नसतील तर आधी वेळ बघा. सकाळी अकराला तंबाखूच्या वखारीतल्या आणि भांगलणीला गेलेल्या बायका येणार कशा? ग्रामसभेआधीची वॉर्ड सभा कागदावर न उरकता गल्लीत, रात्री जेवणं झाल्यावर घ्या.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सभेतल्या होकाराला गावाची संमती समजणं. बोलतात ते बहुतेक नदीवर मोटार आणि रानात ऊस असलेले. भूमिहीन, धनगर, मासेमारी करणारे मागे गप्प बसतात आणि ठरलेलं पुढे कुणीच पाळत नाही. म्हणून या लोकांबरोबर आधी वेगळं बसा. जमिनीवर रांगोळीने शिवाराचा नकाशा काढा आणि विचारा: २०१९ ला पाणी कुठवर आलं? जनावरं कुठं बांधली? पूर ओसरल्यावर कुठल्या विहिरीचं पाणी प्यायलात? मे महिन्यात कुठल्या डोहात पाणी टिकतं? ही माहिती कुठल्याच दप्तरात मिळत नाही, म्हणून ती तारखेसह लिहून घ्या.

आधी पिण्याचं पाणी, मग जनावरं, मग ऊस हा क्रमही जानेवारीतच ठरवा. एप्रिलमध्ये ऊस वाळायला लागल्यावर मोटार बंद ठेवायला कोण तयार होईल? तेव्हा वीज तोडण्यापर्यंत पाळी येते आणि भाऊबंदकीत भांडणं लागतात.

आराखडा कानडीत असतो. पीडीओंनी (पंचायत विकास अधिकाऱ्यांनी) वाचला आणि सह्या झाल्या, एवढ्यावर थांबू नका. सहीआधी तो मराठीतही मोठ्याने वाचा आणि फलकावर दोन्ही भाषांत लावा.

गावाच्या हद्दीपाशी विचार थांबवणं हीसुद्धा चूकच. दूधगंगेचं पाणी कोल्हापूर जिल्ह्यातल्या काळम्मावाडी धरणातून येतं. सीमेपलीकडे आपल्या सोयरिकी आहेत, त्यांचा उपयोग करा. वरच्या गावातल्या दोन-तीन जबाबदार माणसांचे फोन नंबर मे महिन्यातच घेऊन ठेवा. विसर्ग वाढल्याचं वेळेत कळलं तर दावणीची जनावरं दिवसाउजेडी हलवता येतात.

आणि पुढच्या सभेची सुरुवात नव्या मागण्यांनी करू नका. मागच्या वेळी कोणी काय मागितलं, त्यातलं काय झालं, काय अडलं आणि कुणाकडे अडलं, ते आधी वाचून दाखवा.