आकडीपासून पट्ट्यापर्यंत: कलमबागेत कमरेला हत्यारं कशी बांधायची

लग्न होऊन देवगड तालुक्यात आले, त्या पहिल्याच पावसाळ्यात सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, माझ्या हातातली कोयती काढून घेतली होती. मी ती हातात धरूनच आंब्याच्या कलमावर चढायला निघाले होते. "हात झाडाक, कोयती कमरेक," एवढंच म्हणाले आणि स्वतःची आकडी सोडून माझ्या कमरेला बांधली.

ज्यांनी आकडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. आकडी म्हणजे लाकडाचा वीतभर ठोकळा. त्याची एक बाजू अंगाला टेकते आणि दुसऱ्या बाजूला फट असते. कमरेला दोरीने बांधायची आणि कोयतीचं पातं फटीतून खाली सोडायचं. पातं खाली जातं, मूठ वर अडकून राहते. कोकणात शेतावर जाणारा माणूस आकडीशिवाय घराबाहेर पडत नसे. कूर्गमधले कोडव लोकही ओडी-कत्ती ही रुंद पात्याची कोयती पाठीमागे पितळी अडकणीत खोवतात, तिला तोडंग म्हणतात. हत्यार कमरेला आणि दोन्ही हात मोकळे, ही गरज सगळीकडे सारखीच.

आता बागेतली कामं वाढली. बांडगूळ तोडायला कोयती लागते, सुक्या फांद्या काढायला करवत, कोवळ्या फांद्यांना सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री. काजूच्या खोडात भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी, शिरली की तिला ओढून काढायला टोक वळवलेली तार, आणि कापलेल्या जागी लावायला मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट. एवढं सगळं एका आकडीत मावत नाही. म्हणून मी बाजारातून तयार पट्टा मागवला. खिसे भरपूर होते, दिसायलाही छान. पण तो सुताराच्या किंवा वायरमनच्या कामाचा होता, म्हणजे उभ्याने काम करणाऱ्या माणसाचा. झाडावर माणूस उभा नसतो. तो वाकतो, आडवा होतो, फांदीला पोट लावून हात लांबवतो. मी तशीच ओणवी झाले आणि उघड्या खिशातली करवत मुठीकडून घसरून खाली गेली. खाली माझा पुतण्या फांद्या गोळा करत होता. करवत त्याच्यापासून हातभर अंतरावर रुतली. त्या दिवशी काम तिथेच थांबवलं. तो पट्टा मी परत बांधला नाही. पुढच्या आठ दिवसांत स्वतःचा शिवून घेतला.

तुम्ही विकत घ्या किंवा करून घ्या, पहिली परीक्षा ही: रिकाम्या अंगणात पट्टा बांधून सगळी हत्यारं अडकवा, कमरेतून पूर्ण वाका, दोन्ही कुशींवर वळा, उकिडवं बसा, जागच्या जागी चार उड्या मारा. एकही वस्तू सुटली, टोचली किंवा जमिनीला टेकली तर तो पट्टा झाडावर न्यायचा नाही.

पट्टी दोन इंची, म्हणजे 50 मिलिमीटरची घ्या. दीड इंची पट्टी दोन किलो वजनाने कमरेत रुतते. मी भंगारवाल्याकडून गाडीचा जुना सीटबेल्ट घेतला. तो पॉलिस्टरचा असतो, दोन इंचांना जरा कमी, आणि पावसात कुजत नाही. घेताना कडा हाताने चाचपून बघा, सुतं निघालेली असतील तर सोडून द्या. कापलेलं टोक मेणबत्तीवर धरून वितळवून घ्या, नाहीतर उसवत जातं. सीटबेल्ट गुळगुळीत असल्यामुळे बकलात हळूहळू सरकतो. म्हणून समायोजनाच्या जागी मी तो दुहेरी करून शिवला. शिलाई चप्पल शिवणाऱ्या कारागिराकडूनच करून घ्या, मेण लावलेल्या नायलॉन दोऱ्याने, चौकोन घालून आत फुली. घरच्या मशीनची एकेरी शिवण पहिल्या पावसातच सुटते.

चामड्याबद्दल मला नेहमी विचारतात. चामडं मला मनापासून आवडतं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कोल्हापुरी चामडं हातात घेतलं की सोडवत नाही. देशावर, कोरड्या हवेत, तुम्ही ते खुशाल वापरा. पण आमच्याकडे पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्या दमट हवेत चामड्यावर आठवड्यात बुरशी येते आणि ओल्या म्यानात ठेवलेलं पातं सकाळी तांबूस होतं. त्यात खारा वारा. म्हणून माझ्या पट्ट्यात चामड्याचा तुकडाही नाही.

बकल मी प्लॅस्टिकचं, दोन्ही बाजूंनी दाबून उघडणारं लावलं. लोखंडी मजबूत वाटतं, पण खाऱ्या हवेत गंजून अडकतं. आणि पट्टा फांदीत अडकला तर तो एका चिमटीत सुटायलाच हवा. उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होतं, तेव्हा दर वर्षी काम सुरू करण्याआधी बकल वाकवून बघा. पांढरट रेघ दिसली तर बदला.

आता म्यान. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि सगळ्यात स्वस्त तेच पडलं. शेतीच्या पाण्याचा पीव्हीसी पाइप प्रत्येकाच्या आवारात पडलेला असतोच. 40 मिलिमीटरचा पाइप चपटा केला की आत दोन इंचांच्या आसपास जागा मिळते, सरळ करवतीला ती पुरते. करवत बाकदार असेल तर 50 मिलिमीटरचा घ्या, आत जवळजवळ पावणेतीन इंच जागा होते. लांबी पात्यापेक्षा चार बोटं जास्त ठेवा. मोठ्या टोपात पाणी उकळा आणि पाइप त्यात बुडवून ठेवा. पाच-सात मिनिटांत तो मऊ पडतो. हातमोजे घालून बाहेर काढा, आत पाऊण सेंटिमीटर जाडीची लाकडी पट्टी सरकवा, दोन फळ्यांमध्ये ठेवून वर वजन ठेवा. मी पाटा ठेवला होता. गार झाल्यावर पट्टी ओढून काढा. पाइप सरळ जाळावर धरू नका. त्याचा धूर घशाला आणि फुप्फुसाला वाईट, शिवाय पाइप एका बाजूने जळतो.

म्यान चपटं झालं की फक्त तोंड परत दोन मिनिटं गरम पाण्यात धरा आणि बाटलीचा गळा आत दाबून ते जरा फाकवा. या फाकलेल्या तोंडामुळे न बघता पातं बरोबर आत जातं. लाल मुंग्यांचं घरटं हलवलंत आणि त्या मानेवर चढल्या की मला काय म्हणायचंय ते कळेल. तेव्हा मान खाली घालून म्यान शोधायला कुणाला सवड असते? तळाला दोन भोकं पाडा, पाणी आणि भुसा निघून जातो. वरच्या बाजूला पट्टी ओवायला दोन चिरा ठेवा. आणि मुठीवरून फिरणारी रबरी फीत लावाच. सायकलच्या ट्यूबची आडवी कापलेली चकती चालते. माझी करवत पडली ती हीच फीत नव्हती म्हणून.

कोयतीला मात्र मी आकडीच ठेवली आहे. तिच्या बाकदार पात्याला पाइपचं म्यान करायचं तर 90 मिलिमीटरचा पाइप लागतो आणि ते एवढं रुंद होतं की मांडीवर आपटत राहतं. आप्पांची आकडी फणसाच्या लाकडाची होती, दोरीसाठी भोकं असलेली. ती पट्ट्यावर बसेना, म्हणून गावच्या सुताराकडून नवी करून घेतली. त्याला मापं देताना दोन गोष्टी नीट सांगा. पाठीमागची खाच पट्टीपेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठी हवी, नाहीतर आकडी डोलते. आणि पुढची फट तुमच्याच कोयतीच्या पात्याच्या पाठीला मापून पाडायची. पातं वरून सैल शिरावं आणि मुठीजवळ घट्ट बसावं. सुताराकडे जाताना कोयती बरोबर न्या, मोबाइलमधल्या फोटोवरून हे माप निघत नाही. लाकडाला उंडीचं तेल पाजा. आमच्याकडे होड्यांच्या लाकडाला लावतात, तेच.

पूर्वी आकडी दोरीवर जराशी हलायची, त्यामुळे उकिडवं बसलं की कोयती आपोआप कलायची. रुंद पट्टीवर ती हलत नाही आणि बसताना टोक जमिनीत रुततं. त्यासाठी आकडी पाठीवर न ठेवता उजव्या कुल्ल्यावर, किंचित मागे घ्या. धार मागे करा आणि पातं व मांडी यांच्यामध्ये टायरच्या ट्यूबचा हातभर तुकडा लोंबता सोडा. हा तुकडा मी नंतर लावला. त्याआधी माझ्या दोन सलवारी फाटल्या.

कुठे काय अडकवायचं ते घड्याळाच्या तबकडीसारखं धरा, बेंबीजवळ बारा. अकरा ते एक पूर्ण मोकळं, कारण चढताना खोडाला पोट घासतं. मणक्यावर, म्हणजे सहाला, काहीच नको. पाठीवर पडलात तर तिथली वस्तूच घात करते. कोयती चार वाजता, सिकेटर दोनला, करवत आठला, सुतळी आणि तार दहाला. डावखुरे असाल तर सगळं उलटं. सिकेटर तीन फुटांच्या नायलॉन दोरीने पट्ट्याला बांधून ठेवा. कोयती आणि करवत मात्र कधीही बांधू नका. हातातून सुटलेलं धारदार पातं खाली गेलेलं परवडतं, अंगाभोवती लोंबकळलेलं नाही. त्यासाठी खाली कुणाला उभं करायचं नाही, हा नियम आता आमच्या बागेत सगळ्यांना आहे.

बोर्डो पेस्ट रुंद तोंडाच्या प्लॅस्टिकच्या छोट्या बरणीत न्या. लोखंडी डब्यात नको, मोरचूद लोखंड खातं. लिटरभर पाण्याला शंभर ग्रॅम मोरचूद आणि शंभर ग्रॅम चुना, दोन्ही अर्ध्या-अर्ध्या पाण्यात वेगवेगळे कालवून मग एकत्र करायचे. लोखंडी सुरी बुडवून बघा. तिच्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे, आणखी घाला. बरणी पट्ट्यावर फक्त पेस्ट लावायच्या फेरीलाच अडकवा, रोज नको.

सगळं मिळून वजन अडीच किलोच्या आत ठेवा. कुंपणाच्या कामाला हातोडी, पक्कड, खिळे घ्यावे लागतात, तेव्हा मी खांद्यावरून जाणाऱ्या पट्ट्या जोडते. झाडावर त्या नकोत, फांदीत अडकतात.

बायकांसाठी थोडं वेगळं. आमच्या कपड्यांना पट्टा ओवायला जागा नसते आणि कमरेवर बांधलेला पट्टा वर सरकतो. तो कमरेच्या हाडांवर, कुर्त्यावरून बांधा. आतून जुन्या सतरंजीची चार इंची पट्टी लावा. सुती सतरंजी घसरू देत नाही आणि घामही शोषते. मी ती शिवली नाही, बंदांनी बांधली आहे, म्हणजे काढून धुता येते.

हा पट्टा फक्त हत्यारांना धरतो, माणसाला नाही. उंच कलमावर चढणाऱ्या गड्याला त्याच्यात दोर अडकवू देऊ नका. त्यासाठी छाती-मांड्यांना धरणारा पूर्ण हार्नेस मिळतो, घेताना त्यावर आयएस 3521 हे मानक लिहिलेलं आहे का ते बघा.

संध्याकाळी घरी आलं की म्यानं उलटी करून झटका, पात्यांना खोबरेल तेलाचा हात फिरवा. पावसाळ्यात आकडी आणि सतरंजी चुलीवरच्या माळ्याला टांगा, पाइपची म्यानं मात्र तिथून लांब ठेवा, गरमीने फाकतात. आणि पट्टी कापताना एक वीत जास्तच ठेवा. जूनमध्ये तोच पट्टा रेनकोटवरून बांधायचा असतो, आणि आमच्या घरात तर तो माझ्यानंतर पुतण्याच्याही कमरेला जातो.